बोटभर जागा

गेटवर नंबर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या गावाला लागून जंगलाचं गेट आहे. वाघ पाहायला येणारे लोक तिथून आत जातात, पण आपल्या गाडीनं नाही. गेटवर नोंदलेल्या जिप्सी असतात. प्रत्येक जिप्सीला नंबर असतो आणि पाळीनं गाडी लागते. नवा नंबर आता कोणालाच मिळत नाही. ज्याचा गेला त्याचा गेला.

आम्ही ढिवर. माझं अर्धं आयुष्य तलावात गेलं. तलाव बफरमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या राखीव पट्ट्यात आला, जाळं टाकणं बंद झालं, तेव्हा गावातल्या काही घरांना गाइडचं काम मिळालं, काहींना गाडीचा नंबर. आमच्या घरात दोन्ही आलं. मी गाइड झालो. परीक्षेत पक्ष्यांची नावं लिहायची होती, म्हणून केस पांढरे झाल्यावर अक्षरं गिरवली. नंबर मुलाच्या नावानं घेतला, सुरेंद्रच्या, आणि एक जुनी जिप्सी आणली. गोकुळा, माझी बायको, तेव्हा म्हणाली होती, "तलाव गेला अन् हे डबडं आलं." पण त्याच डबड्यावर घर चाललं.

गेटजवळ एक रिसॉर्ट आहे. तिथला मॅनेजर पियुष. नागपूरचा पोरगा, तोंडाचा गोड. रिसॉर्टवाल्यांना आपल्या पाहुण्यांसाठी पसंतीची गाडी मागून घेता येते, त्यामुळे सगळे ड्रायव्हर त्याच्या मागेपुढे करत. एकदा तो आमच्या गाडीभोवती फिरला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "सुरेंद्र, ही गाडी आहे का बैलबंडी? गेस्ट लोक गाडीसोबत फोटो काढतात भाऊ. अलॉय टाक, चौडे टायर टाक. मग माझे गेस्ट तुझ्याच गाडीत."

"टाकतो ना भैया," सुरेंद्र लगेच म्हणाला.

मी म्हटलं, "वाघ काय चाकं पाहून समोर येते?"

पियुष हसला. "काका, वाघ नाही आला तरी फोटो तर पाहिजे ना."

सुरेंद्रनं नागपूरहून चाकांच्या अलॉय रिम आणल्या. काळ्या, चकचकीत, आतून कढईसारख्या खोल. त्यांना टायर बसवायला आम्ही चंद्रपूरला अजीमकडे गेलो. अजीमचं टायरचं दुकान मूल रोडला आहे. त्याचे वडील माझ्याकडून मासे नेत, तेव्हापासूनची ओळख. त्यानं नवी रिम आणि गाडीची जुनी रिम शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या, दोन्हींवर एक सरळ काठी धरली आणि मला बोलावलं.

"मनसाराम भाऊ, हे पाहा. जुनी रिम गाडीच्या पोटात बसते. ही बाहेर येते. आता स्टेअरिंग मारलं का चाक जागच्या जागी फिरत नाई, झोका घेते. जितकं बाहेर, तितका झोका मोठा. मग टायरचा खांदा इथी घासते." त्यानं मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. पत्र्याची ती दुमडलेली कडा पातळ होती, जुन्या विळ्यासारखी.

जुन्या टायरवर २०५/७० आर १५ असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि विचारलं, हे काय.

"पयला आकडा रुंदी. शेवटचा रिमचा. मधला कोणीच पाहत नाई," अजीम म्हणाला. "मधला म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या हिशेबानं. रुंदीच्या शंभरात सत्तर. म्हणजे रुंद टायर घेतला का तो उंचही होते. लोकाईले वाटते फक्त चौडा झाला."

त्यानं २१५/७५ सुचवला. जरा रुंद, जरा उंच, पण या रिमवरही घासणार नाही असा. सुरेंद्रनं तो टायर रिमला लावून पाहिला आणि तोंड पाडलं.

"म्हशीच्या पायात पैंजण घातल्यासारखं दिसून राह्यलं, चाचा."

"दिसू दे. घासत तर नाई."

"मले २३५ पाह्यजे. २३५/७५."

"मग मडगार्डची कडा कापा, नाई तर स्प्रिंगवर पट्टी टाकून गाडी उचला. दोन्हीतलं एक करा अन् मग २३५ घाला. मी नाई कुठी म्हणतो?"

"कापायचं नाई. गेटवर तपासणी होते. बॉडीले हात लावला का नंबरवर येते."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडीच्या अंगाला फेरफार चालत नाही, असं गेटवर स्पष्ट लिहिलेलं आहे. टायरबद्दल काही लिहिलेलं नाही. सुरेंद्रला त्या दोन गोष्टींच्या मधून जायचं होतं. अजीमनं बराच वेळ हनुवटी खाजवली, मग म्हणाला, "ठीक हाय. लावून पाहू. माणसं भरून पाहू. घासला तर मी देत नाई, मग तू माह्या पाया पडला तरी."

टायर चढवले. अजीमनं पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यांना ओला चुना फासला. घासलं तर कडेवर पांढरा डाग उमटणार. शेजारच्या चहाच्या टपरीवरून माणसं बोलावली. सगळे हसत चढले.

"वाघ कुठी हाय बे?"

"हा काय, स्टेअरिंगवर बसला."

"मंग दोन फोटो काढा याचे, लगन जमत नाई म्हणते त्याचं."

मी गाइडच्या जागी, पुढे डावीकडे बसलो आणि सवयीनं मागे वळून बोललो, "नीट बसा. उभं राहायचं नाई. हात बाहेर काढायचा नाई." तीही माणसं गुमान बसली. शाळेत बसतात तशी, मांडीवर हात ठेवून. सुरेंद्रनं स्टेअरिंग पूर्ण डावीकडे मारलं, पूर्ण उजवीकडे मारलं. एका चाकाखाली लाकडाची फळी घालून पुन्हा मारलं. मागे घेऊन मारलं. अजीम जमिनीवर आडवा होऊन पाहत होता. कडेवर डाग नव्हता. त्यानं टायर आणि कडा यांच्या मध्ये आपलं बोट घातलं. ते जेमतेम गेलं.

"बोटभर हाय," तो उठत म्हणाला. "पण बोटभरच हाय. लक्षात ठेवजो."

सुरेंद्रनं लक्षात ठेवलं नाही असं मी म्हणणार नाही. तो खड्ड्यात गाडी हळू घालायचा, वळणावर दमानं घ्यायचा. पियुषनं आपला शब्द पाळला. रिसॉर्टचे पाहुणे आमच्या गाडीत बसू लागले. बायका चाकाला टेकून फोटो काढत. सुरेंद्र सफारीहून आला की आधी चाकं धुवायचा, मग स्वतःचे पाय.

त्या सकाळी गाइडच्या पाळीत माझं नाव त्याच्याच गाडीवर आलं. मागे रिसॉर्टचे सहा पाहुणे होते. नेहमी येणारे, पियुषला नावानं हाक मारणारे. पाणवठ्याच्या पुढे सांबर ओरडलं. आम्ही इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं डाव्या हाताच्या बांबूतून वाघीण बाहेर आली आणि वाटेवर उभी राहिली. तिची पिल्लं अजून बांबूतच होती, पानं हलत होती. अशा वेळी गाडी मागे घेऊन तिला वाट द्यायची असते. मी सुरेंद्रला खुणावलं. त्यानं गाडी चालू केली, मागे घेत स्टेअरिंग पूर्ण डावीकडे मारलं.

आणि सहाच्या सहा माणसं उठली. वाघीण पुढे डावीकडे, म्हणून सगळी पुढे डावीकडे. दोघं माझ्या सीटच्या पाठीवर चढले, एकाचा गुडघा माझ्या खांद्यावर, एक जण समोरचा दांडा धरून बाहेर लोंबकळला. कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या तोंडावर आला.

"बसा! सर, बसा! खाली बसा!" मी ओरडलो.

"एक मिनिट, एक मिनिट," वरून कोणीतरी म्हणालं.

गाडी त्या कोपऱ्यावर बसली. आधी खर्र असा आवाज आला, पत्र्यावर रबर घासल्याचा. वाघिणीनं मान वळवली. सुरेंद्रनं ब्रेक मारला, पण तोवर पत्र्याची कडा टायरच्या कुशीत शिरली होती. टायर फुटला. एवढा आवाज त्या जंगलात मी कधी ऐकला नव्हता. वाघीण दबली, गुरगुरली, दोन पावलं आमच्याकडे आली. मागची माणसं एकदम खाली कोसळली, आता कोणाला फोटो नको होता. आम्ही वाट अडवून होतो, ती समोर वाटेवर, पिल्लं आमच्या बाजूच्या बांबूत. ती तिथंच बसली. पुष्कळ वेळानं पिल्लं लांबून वळसा घालून तिच्याकडे गेली, तेव्हा ती उठली.

पाहुण्यांनी गेटवर येताच तक्रार केली. गाडी खराब, जीव धोक्यात आला. आम्ही तर जागेवर बसून होतो, असं ते म्हणाले.

गेटवरचे वनखात्याचे साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना उभं करून सरळ सांगितलं. "उद्या सगळ्यांचं म्हणणं ऐकतो. लोक नियमानं बसलेले असताना टायर घासून फुटला असेल, तर गाडी जंगलात चालवण्यालायक नाही, नंबर रद्द. लोक उठून एका बाजूला गेले असतील, तर दंड त्यांना आणि रिसॉर्टला. गाइडला लोक आवरता आले नाहीत, म्हणून कारवाई गाइडवर. मग नंबर राहील, गाडीला जुनी चाकं लावा आणि चालवा."

घरी मी सुरेंद्रला समोर बसवलं. गोकुळा चुलीपाशी होती.

"मी खरं तेच सांगतो," मी म्हटलं. "उठले होते, मले आवरले नाईत. माहा गाइडचा बिल्ला जाईन. जाऊ दे. माहे दिवस असेही किती राह्यले. नंबर वाचते."

सुरेंद्र खाली पाहत होता.

"तू बी तेच सांगजो. दोघाईचं एक आलं का साहेब मानतीन."

"हाव बाबा," तो म्हणाला.

गोकुळा म्हणाली, "तोंड वर करून सांग ना रे हाव."

"हाव म्हटलं ना माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याआधी निघाला. गाडीला जुनी चाकं लावून ठेवतो म्हणाला. मी गेटवर पोचलो तेव्हा तो चहाच्या टपरीवर पियुषसोबत बसला होता. पियुषनं मला पाहून हात जोडले, "नमस्कार काका." मला तेव्हाही काही वाटलं नाही. पियुष सगळ्यांनाच हात जोडतो.

साहेबांच्या खोलीत आधी मला विचारलं. मी घडलं ते सांगितलं. कोण कुठे चढला, कोणाचा गुडघा कुठे होता. सहा जणांपैकी दोघं तिथं हजर होते, ते नाही नाही म्हणत मान हलवत राहिले. "म्हातारबुवा घाबरले होते," त्यातला एक जण म्हणाला. मी म्हटलं, "घाबरलो होतोच. पण दिसत होतं."

मग साहेबांनी सुरेंद्रला विचारलं, "तू सांग. लोक उभे होते?"

सुरेंद्र माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

"नाई साहेब. बसून होते."

साहेबांनी पेन थांबवलं. "तुझे वडील तर वेगळं सांगतात."

"बाबा खोटं नाई बोलत साहेब," सुरेंद्र म्हणाला. "त्याईले आता बरोबर दिसत नाई. गडबडीत त्याईले तसं वाटलं असन. टायर माह्या चुकीनं फुटला. मी मोठा लावला."

पाहुण्यांसोबत आलेला पियुष खिडकीबाहेर पाहत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडायचं म्हणजे काय करायचं, ते मी क्षणभर मनात करून पाहिलं. माझा पोरगा खोटा आहे, असं भरल्या खोलीत म्हणायचं होतं. माझी जीभ उचलली नाही.

"डोळे कधीपासून असे आहेत?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "झाले काही दिवस."

नंबर रद्द झाला. ज्याला नीट दिसत नाही तो गाइड कसा राहील, म्हणून माझा बिल्लाही गेला. साहेबांनी फार समजुतीनं सांगितलं, आता आराम करा. रद्द झालेला नंबर पुढे कोणाला लागायचा, ते वर ठरलं. रिसॉर्टनं एक जिप्सी आणली होती, तिला लागला. तिचा ड्रायव्हर सुरेंद्र. त्याला खाकी कपडे मिळाले, खिशावर रिसॉर्टचं नाव शिवलेलं.

संध्याकाळी तो स्वतःच बोलला. मी विचारलं नव्हतं.

"नंबर वाचला असता, मंग काय बाबा? पियुषभाऊच्या गेस्टले दंड बसवून त्याचा एक तरी गेस्ट आपल्या गाडीत बसला असता? नंबर घेऊन काय चाटलं असतं?"

"अन् माहे डोळे?"

"मंग काय खोटारडे म्हणू तुम्हाले, सगळ्याईसमोर?" त्याचा आवाज भरून आला, आणि ते खरं होतं, तो नाटक करत नव्हता. "मी तुमची इज्जत राखली."

गोकुळानं त्याच्यासमोर ताट ठेवलं, एवढ्या जोरात की वरण सांडलं. पण ताट ठेवलं.

जिप्सीसकट फुटलेल्या टायरच्या जोडीचे बाकीचे टायर अजीमकडे परत न्यायचे होते, म्हणून मी चंद्रपूरला गेलो. त्याच्या कानावर सगळं आलं होतं. टेम्पोतून आणलेली आमची जिप्सी त्यानं उतरवून घेतली, तीच रिम, त्याच मापाचा टायर चढवला, चुना फासला आणि टपरीवरच्या माणसांना हाक मारली. या वेळी त्यानं त्यांना बसू दिलं नाही. "उभे राहा. सगळे इकडे या, पुढच्या कोपऱ्यावर. लोंबका." स्टेअरिंग मारताच आवाज आला आणि कडेवर बोटाएवढी पांढरी रेघ उमटली.

अजीम ती रेघ पाहत उभा राहिला. "बसवून पाह्यलं होतं मनसाराम भाऊ. उभं करून नाई पाह्यलं."

"मीच बसवलं त्याईले," मी म्हटलं. "नियम सांगितला."

"चला, आत्ताच्या आत्ता तुमच्या साहेबाकडं जाऊ. मी दाखवतो. त्याच्यासमोर लावून दाखवतो. बसून घासत नाई, उभं राह्यल्यावर घासते. डोळे बरोबर होते तुमचे. यात वाद कुठी हाय?"

वाद नव्हताच. तसेच निघालो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळं साफ झालं असतं. बिल्ला मिळाला असता. मग साहेबांनी सुरेंद्रला बोलावून विचारलं असतं, खोटं का बोललास. रिसॉर्टनं त्याचे खाकी कपडे त्याच दिवशी उतरवून घेतले असते. नंबर तर दुसऱ्या गाडीच्या कपाळावर चिकटला होता, तो सुटला नसता. राहिला असता एक रिकामा पोरगा आणि एक बिल्ला लावलेला बाप, एकाच घरात.

"पुस ते," मी अजीमला म्हटलं.

"काऊन?"

"पुस म्हटलं ना."

त्यानं फडक्यानं कडा पुसली. पुसताना तो पुटपुटत होता, मला की सुरेंद्रला, कळलं नाही. मग म्हणाला, "रिसॉर्टची गाडी आली होती इथी. तिले बी २३५ टायर घातले. त्यायनं कडा कापून घेतली, गाडी उचलून घेतली. मी म्हटलं, गेटवर चालते का? मॅनेजर म्हणे, ते आमचं आम्ही पाहू."

मी टेम्पोवाल्याला निघू म्हटलं.

गाइडचं जाकीट कार्यालयात परत द्यायचं होतं. ते धुऊन, घडी घालून मी गेटवर गेलो. आदल्या सायंकाळी पाऊस पडून गेला होता. गेटसमोरच्या वाटेवर पाणी साचलं होतं. पायल तिथं उभी होती, आमच्या मोहल्ल्यातली पोरगी, नुकतीच गाइड झालेली. तिला पक्ष्यांचे आवाज मीच शिकवले होते. मला पाहून ती धावत आली आणि माझा दंड धरला.

"हळू आबाजी. समोर खड्डा हाय."

खड्डा मला दिसत होता. खड्ड्याच्या पलीकडे ओल्या मातीत सकाळी उमटलेला मादीचा पंजा दिसत होता, आणि त्याच्यावरून गेलेला रुंद टायरचा माग. पायलला तो पंजा दिसला नव्हता. तिचं सारं लक्ष माझ्या पायांकडे होतं.

"कुठी?" मी विचारलं, आणि तिच्या हातात हात दिला.